आबांची पिवळी रेघ

आबांनी मला खोली दाखवली तेव्हा कॉट कुठे ठेवायची, टेबल कुठे ठेवायचं आणि पाण्याचा माठ कुठे ठेवायचा, हे जमिनीवर पिवळ्या रंगाने आधीच आखून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे माठ नाही." ते म्हणाले, "मग जागा रिकामी ठेवा. दुसरं काही ठेवू नका." तेवढ्यावरून मी शहाणी होऊन परत फिरायला हवं होतं. पण लोणावळ्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना सोडून एका एकट्या शिक्षिकेला वर्षभरासाठी खोली देणारा दुसरा माणूस मला महिनाभर शोधून सापडला नव्हता.

आबा देहूरोडच्या लष्करी डेपोत तपासणी विभागात चौतीस वर्षं होते. निवृत्त झाले आणि उरलेला तपास घरी घेऊन आले, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक खडू आणि सहा इंची स्टीलची पट्टी. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पायाशी पिवळी रेघ होती. गॅसच्या सिलिंडरभोवती गोल, शिलाई मशीनच्या पायांभोवती चार चौकोन, आणि दाराशी चपलांचे तर असे नेमके आठ जोड आखलेले, की नववा पाहुणा आला तर तो चपला हातात धरून उभा राही. फक्त बाहेरच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीच्या पाटाभोवती रेघ नव्हती. मी कारण विचारलं. "तिथे कुणी चुकीचं काही ठेवत नाही," आबा म्हणाले.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मावशींनी मला पहिल्याच आठवड्यात फ्रिजची हकिगत सांगितली. "दोन दारांचा फ्रिज आनला व्हता बाई. लेकानं धाडलाता. मानसांनी उचलून आत आनला, तर चार बोटं रेघंच्या भायेर. ह्यांनी त्याच पावली माघारी धाडला अन् त्याच्याजागी ह्यो बारका घितला. म्या म्हनलं, आवं, रेघ पुसा की! तर आयकतंय कोन?"

आबा पेपर वाचत होते. पेपर न हलवता त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं. "वस्तू रेघेत आणायची. रेघ वस्तूकडे न्यायची नाही."

हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकलं याची गणती नाही.

रेघेनंतर चिठ्ठी. डेपोतल्यासारख्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या त्यांनी घरात करून घेतल्या होत्या. हिरवी म्हणजे वस्तू चालू, पिवळी म्हणजे दुरुस्तीयोग्य आणि लाल म्हणजे कंडम. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा मात्र मी कधी सुटलेला पाहिला नाही. त्यांच्या एका छत्रीला सात पिवळ्या चिठ्ठ्या लटकत होत्या आणि ती उघडली की आधी चिठ्ठ्या भिजायच्या, मग आबा. प्रत्येक चिठ्ठीवर 'कारण' असा रकाना असे आणि तो ते प्रामाणिकपणे भरत. कपाच्या तुटलेल्या कानाला 'कारण : माझा धक्का.' तव्याच्या मुठीला 'कारण : सौ.चा राग.' त्याखाली तारीख आणि पूर्ण सही.

सहीच्या बाबतीत तर माणूस भलताच कडक. शेजारच्या चिक्कीवाल्याला एका कागदावर सही हवी होती, की मी यांना दहा वर्षांपासून ओळखतो. आबांनी बोटांवर मोजलं आणि कागद परत दिला. "नऊ वर्षं आठ महिने झालेत. चार महिन्यांनी या." चिक्कीवाला हसला, मग चिडला, मग खरंच चार महिन्यांनी आला. तेव्हा आबांनी सही केली आणि चहाही पाजला. चौतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. मावशी सांगायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि वैताग किती हे त्यांनाही ठरवता यायचं नाही.

आता टाकीकडे येते. येण्याची इच्छा नाही, पण आल्याशिवाय आबा कळायचे नाहीत.

मावशी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. बंगला विकला गेला तेव्हा मालकिणीने त्यांना माशाची काचेची टाकी दिली, आत एक गोल्डफिशही होता. मासा दुधाच्या किटलीतून आणि टाकी टेम्पोतून आली. मासा मावशींचा, पण त्याचं नाव आबांनी ठेवलं, मोठे साहेब. डेपोत त्यांचे एक वरिष्ठ असेच पोट पुढे काढून काचेमागे फिरत आणि तोंड उघडून काहीच बोलत नसत, म्हणून. मावशी दुपारी टाकीसमोर पाट घेऊन बसत आणि साहेबांना सगळं सांगत. भावजय काय बोलली, गुडघा कुठे दुखतो, आबांनी आज कशाला चिठ्ठी लावली. साहेब तोंड उघडत आणि मिटत. मावशींना तेवढं पुरे.

मी सोलापूरची. आमच्याकडे कपडे दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळलेले असतात. लोणावळ्यातला जुलै मला ठाऊक नव्हता. इथे कपडे वाळत नाहीत, फक्त जुने होतात. आणि नेमकं त्या सोमवारी शाळेत तपासणीला अधिकारी येणार होते. माझ्या तिन्ही बऱ्या साड्या चार दिवसांपासून दोरीवर ओल्याच होत्या आणि त्यांना कुबट वास मारत होता. माझ्याकडे एक हीटर होता. तो मी गुपचूप आणून ट्रंकेत घोंगडीखाली ठेवला होता, कारण आबांना घरात रेघ न आखलेली कुठलीही वस्तू चालत नसे आणि माझ्या खोलीत मोठ्या पिनचा प्लगच नव्हता. सगळ्या घरात तसला प्लग एकच होता, आणि तो बाहेरच्या खोलीत माशाच्या टाकीमागे होता.

रविवारी दुपारी आबा आणि मावशी विहारात कार्यक्रमाला गेले. मी हीटर काढला. प्लगपर्यंत हात जाईना. म्हणून मी टाकीचं लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी धरून चार बोटं पुढे ओढलं. टाकी भरलेलीच होती. ती डुचमळली, साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. साडी तासाभरात वाळली. मी हीटर ट्रंकेत ठेवला, स्टँड परत ढकललं आणि निश्चिंत झाले. पाण्याने भरलेली काचेची टाकी कधी हलवायची नसते, तिचे सांधे पिळवटतात, हे ज्ञान मला नंतर झालं. त्या घरात ते सगळ्यांना झालं.

सोमवारी सकाळी टाकीखाली पाणी होतं.

आबांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी खडूने पाण्याची पातळी काचेवर आखली, चारही कोपऱ्यांखाली वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि सांध्यांवर बाहेरून तांदळाचं पीठ भुरभुरवलं. मावशी म्हणाल्या, "भाकरीला न्हाई पीठ अन् हितं काचंला पावडर!" पंधरा मिनिटांत मागच्या उजव्या कोपऱ्यातलं पीठ ओलं झालं. तोच कोपरा प्लगच्या बाजूचा. आबा वाकून बघत होते आणि मी त्यांच्या मागे उभी राहून खाली बघत होते. स्टँडचे चारही पाय पिवळ्या चौकोनांच्या एक बोट बाहेर होते. घाईत मी ते नीट परत ढकललंच नव्हतं. ज्या माणसाने चार बोटांसाठी फ्रिज माघारी धाडला, त्याच्या डोळ्यांसमोर हे एक बोट होतं.

आबा सरळ झाले. पिवळी चिठ्ठी काढली, टाकीला बांधली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चौकशी चालू.'

चौकशी म्हणजे खरोखरीची चौकशी. घरातल्या माणसांचे आणि रोज पेपर वाचायला येणाऱ्या चिक्कीवाल्याचे जबाब झाले. माझी पाळी आली तेव्हा आबांनी चष्म्यावरून विचारलं, "मॅडम, रविवारी तुम्ही टाकीला हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

आता हे खरं होतं. मी टाकीला हात लावला नव्हता, स्टँडला लावला होता. वर्गात एखादं पोर असं उत्तर देतं तेव्हा मी त्याला बाकावर उभं करते. आबांनी 'नाही' असं वहीत लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. खोली जाईल, ही धास्ती होतीच. पण त्याहून मोठी शरम ही, की ज्याच्या वहीत आजवर खोटं नव्हतं, त्याच्या वहीत मी पहिलं खोटं माझ्या सहीसकट घातलं होतं.

साहेबांची रवानगी मोरीत, निळ्या टबात झाली. साबणाचा थेंब टबात गेला तर साहेब जातील, म्हणून आबांनी मोरीच्या दाराला चिठ्ठी लावली, 'साबण बंद.' आमचं सगळं घर तो आठवडा बिनसाबणाची आंघोळ करत होतं, तीही साहेबांच्या देखत. तपासणीला आलेले अधिकारी माझ्या वर्गात पाच मिनिटंही थांबले नाहीत. माझी वाळलेली साडी त्यांनी पाहिलीसुद्धा नसेल.

मंगळवारी आबांनी कोपऱ्यात बाहेरून खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली. गळती थांबली नाही, फक्त जागा बदलली. चिक्कीवाला म्हणाला, "आबा, गुळाचा पक्का पाक ओता. आमची कढई फुटली होती, पाकानंच धरली." आबांनी त्याला विचारलं, "कढईत मासा होता का?" बुधवारी ते बाजारातून सिलिकॉनची नळी आणि ते दाबायचं पिस्तूल घेऊन आले. दुकानदाराने आपणहून बुरशी न धरणारं सिलिकॉन दिलं. लोणावळ्यात दुसरं कुणी मागतच नाही. इथे भिंतीला बुरशी, पुस्तकाला बुरशी, पट्ट्याला बुरशी. आबांनी ते जुन्या सिलिकॉनवरूनच सरळ रेषेत भरलं. जुनं खरवडू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मूळ काम काढायचं नसतं. वरून पूरक काम करायचं." काम इतकं सुबक झालं होतं की मावशींनीही मान हलवली. गुरुवारी पाणी भरलं. ते सुबकपणे गळलं.

त्या संध्याकाळी साहेब टबात एका कुशीवर कलले. कल्ले हलत होते, पण सरळ होत नव्हते. मावशी मोरीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या. स्वयंपाक झाला नव्हता.

"बाई, ह्यो गेला तर म्या कुनासंग बोलू?" त्या म्हणाल्या.

"आबा आहेत की, मावशी."

"त्यांच्यासंग? त्यांना सांगाया गेलं की इचारत्यात, नक्की कोन्त्या तारखेला म्हनाली ती भावजय?" त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. "लय वर्सं झाली. ह्यो निसता आयकतो."

मला त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं होतं. मी नुसती टबाशी बसून राहिले. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

शुक्रवारी आबांनी तळेगावच्या एका मासेवाल्याला फोन लावला. तो टाक्या स्वतः बनवतो. फोन मोठ्या आवाजात ठेवल्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला, "काका, नवं सिलिकॉन जुन्यावर धरतच नाही. ब्लेडनं सगळं साफ खरवडा, स्पिरिटनं पुसा, अन् एका दमात रेघ मारा. आणि बुरशीचं औषध असलेलं भरलं असेल तर आधी ते काढा. त्यात मासा ठेवला तर मरंल." आबांनी फोन ठेवला. मग त्यांनी वहीत स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'चूक दोन : मूळ काम काढले नाही. चूक तीन : चुकीचे सिलिकॉन.' मी विचारलं, "आणि चूक एक?" ते म्हणाले, "ती अजून लिहायची आहे."

मग ते दोन तास ब्लेड घेऊन जमिनीवर बसले. ज्या माणसाने आयुष्यात मूळ काम काढलं नव्हतं, तो काचेवरून एकेक पापुद्रा सोलत होता आणि प्रत्येक पापुद्र्याला मनात माफी मागत असल्यासारखं तोंड करत होता. मी दिवा धरला. मावशींनी स्पिरिटचा कापूस दिला. बुरशीचं औषध नसलेली साधी नळी मी फोन झाल्याबरोबर पिंपरीहून मागवली होती. आबांनी श्वास रोखला आणि एका दमात रेघ मारली. आयुष्यभर रेघा मारलेला हात होता, रेघ कुठे हलली नाही.

चिक्कीवाला दारातून म्हणाला, "पण या हवेत वाळणार कसं? शेक द्यावा लागंल."

आबांनी वर न बघता म्हटलं, "मॅडम, तुमचा हीटर आणा."

त्या हीटरबद्दल मी जगात कुणाला बोलले नव्हते. गेले, ट्रंक उघडली, घोंगडी बाजूला केली आणि हीटर आणून त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते नळीवरचा बारीक मजकूर वाचत होते. "हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, असं छापलंय. हीटर नको. परत ठेवा." लोणावळ्याची हवा जन्मात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडत होती, आणि मला त्याचा आनंदही घेता येत नव्हता.

"आबा, मला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"काम चालू असताना जबाब घेत नाही," आबा म्हणाले.

दोन दिवस टाकी कोरडी ठेवली. आबा तिच्याजवळून जाताना पावलं न वाजवता जात. मावशी टबातलं थोडं थोडं पाणी बदलत होत्या आणि साहेबांना धीर देत होत्या, "आजचा दिस काड, उद्याच्याला बंगला तयार हाये." रविवारी सकाळी आम्ही टाकी एकेक तांब्या करून भरली. कोपऱ्यांखाली वर्तमानपत्र, सांध्यांवर पीठ. दुपारपर्यंत पीठ कोरडं, संध्याकाळपर्यंत कागद कोरडा. मावशींनी साहेबांना ओंजळीत धरून आत सोडलं. ते आधी तळाशी कलंडले. मावशींनी काचेला गाल लावला. मग साहेब हळूहळू सरळ झाले, पोट पुढे काढून काचेपाशी आले, तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. मावशी म्हणाल्या, "आले बाई कामावर."

आबांनी पिवळी चिठ्ठी सोडली आणि हिरवी बांधली. सोमवारी सकाळी फरशी पुसताना मी ती उलटून पाहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'टाकी जुनी झाली होती.' खाली तारीख आणि पूर्ण सही.

मी ते तीनदा वाचलं. मग खाली वाकले आणि स्टँडच्या पायांकडे पाहिलं. पाय चौकोनांच्या बरोबर मध्ये होते. टाकी भरलेली, म्हणजे स्टँड कुणी हलवलेलं नव्हतं. मी बोट लावलं तर रंग ओला होता. जुने चौकोन ब्लेडने खरवडून काढले होते आणि नवे एक बोट सरकवून आखले होते.

मावशी मागे येऊन उभ्या होत्या. "दिस उगवायच्या आधी बसलेवते रंग घिऊन. म्या म्हनलं, आवं, काय करताय? तर म्हनले, रेघ चुकलीवती माजी."

मी तशीच, बोटाला पिवळा रंग घेऊन, ओसरीवर गेले. आबा चहा पीत होते.

"आबा, स्टँड मी ओढलं होतं. हीटरसाठी. जबाब मी खोटा दिला."

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. "माहीत आहे. आम्ही विहारातून आलो तेव्हा दारापर्यंत शेकलेल्या साडीचा वास येत होता. पण पावसाळ्यात भाडेकरूला कपडे वाळवायला प्लग लागतो, हे ज्याला दिसलं नाही, तो चौतीस वर्षं तपासणी विभागात होता." त्यांनी कप खाली ठेवला, त्याच्या गोल रेघेत. "चूक एक ती आहे. वहीत लिहिली मी."

"मग चिठ्ठीवर?"

"चिठ्ठी चार माणसं वाचतात," ते म्हणाले. "रंग ओला आहे, साडीला लावाल."

त्या आठवड्यात वायरमन येऊन माझ्या खोलीत मोठा प्लग बसवून गेला. शाळेतून परतले तर कॉटच्या बाजूला जमिनीवर एक नवा पिवळा आयत होता, हीटरच्या मापाचा. मी ट्रंकेतून हीटर काढला आणि त्यात ठेवला. गुडघे टेकून चारही बाजूंनी पाहिलं. तो एक बोटही बाहेर नव्हता.